नित्याची नवनिर्मिती



नवें कांहीं निर्माण करणें हें कवि-कलावंतांचें काम, आपण साधीं माणसें, असें आम्ही सहज म्हणून जातों. ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं त्या समजुतीचा थोडा विचार करूं.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशुसंघीय १५७९ सालीं गोव्यास आले. मराठी त्यांची मातृभाषा नव्हे. परंतु १५८३ सालीं आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रांत, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशीं मिळतीजुळती आहे, असें त्यांनीं नमूद केलें. जेथें इतरांस परकेपणा दिसावा तेथें त्यांस नातें दिसलें. नवी दृष्टि म्हणतात ती हीच. पुढें येथील लोकांच्या परिचयाच्या ओवींतच त्यांनीं तारणाची कथा गुंफिली, आणि १६१६ सालीं ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघालें. ओवी जुनी, कथाहि जुनी. नवी होती ती दोहोंची गांठ.

त्या ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. रोज दोन ओव्या रचणारास तेवढ्यांकरितां पंधरा वर्षें लागतील. अकरा हजार म्हटलें कीं छाती दडपते. दोन म्हटलें कीं हात लेखणीकडे वळतो.

हें केवळ ग्रंथकारांपुरतें नाहीं. पिकलें केळें फार दिवस टिकत नाहीं. पण आमच्या वसईकडील घरांनीं राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळविलीं व सुकेळीं केलीं. ऊन सर्वांच्याच अंगणांत पडतें; त्याचा उपयोग कोणास तरी सुचावा लागतो.

तर मग आम्ही काय करावें? अडचण येतांच कपाळास हात न लावितां, ‘हें दुसऱ्या रीतीनें होईल काय?’ असें एकदां स्वतःस विचारावें. मुलानें प्रश्न केला असतां त्यास गप्प न बसवितां त्याच्यासह उत्तर शोधावें. आणि घरांत एक वही ठेवावी. आमच्या आज्या लग्नाच्या मांडवांतील गाणीं तोंडपाठ म्हणतात. तीं कोणीं उतरून घेतलीं नाहींत, तर आजीबरोबर गाणेंहि जाईल, आणि नातीस नवें कडवें जोडावयास जुनें कडवेंच उरणार नाहीं.

रोज एक ओळ पुरे. आज घरीं गेल्यावर पहिली ओळ लिहूं या.