आजोबांचा शोध आणि दिंडीची वही
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात अर्धापूर येथे केलेले भाषण)





मला कीर्तन येत नाही, प्रवचन येत नाही. मंडळी म्हणाली, आजोबांचा शोध कसा लागला तेवढं सांगा. तेवढंच सांगतो.

आमचे आजोबा या दिंडीचे विणेकरी. बालाजीला जातो म्हणून नांदेडला गाडीत बसले, ते परत आलेच नाहीत. गाडी पुलावरून नदीत गेली. प्रेतही मिळालं नाही. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे. सोबत गेलेला गडी वाचून आला, पण तो बोलायचाच नाही. अंधार, पाणी, पूल, एवढंच. तिथी माहीत नाही म्हणून श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला व्हायचं.

गावात सगळे म्हणायचे, ती जनगावची गाडी. सप्टेंबर १९५४ मध्ये सिकंदराबाद-काझीपेठ मार्गावर जनगावजवळ रात्रीच्या वेळी पूल गेला आणि शंभराहून जास्त माणसं दगावली. नांदेड आणि जनगाव तेव्हा एकाच हैदराबाद राज्यात. त्यामुळे मीही तेच धरून चाललो. दोन वर्षं जुनी वर्तमानपत्रं चाळली. एका कचेरीत अर्ज केला, तर उत्तर आलं, कागद दुसऱ्या राज्यात असतील. मी दमलो आणि नाद सोडला.

मागच्या वर्षी या स्मरणिकेचं काम निघालं आणि मालकांच्या घरच्या लाकडी पेटीतून जुन्या वह्या बाहेर आल्या. वारीला कोण आलं, शिधा किती दिला, वर्गणी किती, सगळं शके घालून लिहिलेलं. शके १८७७ : वीणा, पुढं आजोबांचं नाव, पाच शेर ज्वारी, सव्वा रुपया. शके १८७८ : तेच नाव, तेवढीच ज्वारी. शके १८७९ ला वीणेपुढं दुसऱ्याचं नाव.

मी तिथंच बोटावर हिशोब केला. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १९५५, १९५६, १९५७. माऊली, १९५४ ला गेलेला माणूस पुढच्या दोन आषाढींना वीणा कसा घेईल?

मग आजीचं बोलणं आठवलं. ती दरसाल पोळ्याला म्हणायची, "खांदेमळणीची हळद वाटून ठेवली व्हती, अन् माणूस गेल्याचा सांगावा आला." आम्ही ते रडगाणं समजून सोडून देत होतो. जनगावचा अपघात पोळ्यानंतर महिन्याने, सर्वपित्रीच्या सुमाराला झालेला. म्हणजे तो नव्हेच.

मग दुसरा सापडला. २ सप्टेंबर १९५६. जडचर्ला ते महबूबनगरच्या दरम्यान पूल गाडीखाली कोसळला. इथंही शंभराहून जास्त माणसं गेली. हा सिकंदराबादहून द्रोणाचलमकडं जाणारा मार्ग, म्हणजे बालाजीचीच वाट. पंचांग काढलं, तर त्या साली पोळा ४ सप्टेंबरला. आजीची हळद बरोबर होती.

लालबहादूर शास्त्री तेव्हा रेल्वेमंत्री. या अपघातावर त्यांनी राजीनामा दिला, पंडित नेहरूंनी तो घेतला नाही. २३ नोव्हेंबरला मद्रास राज्यात अरियलूरला पुन्हा मोठा अपघात झाला, तेव्हा मात्र राजीनामा मंजूर झाला. शास्त्रीजींची गोष्ट सांगताना लोकांना अरियलूर आठवतं, महबूबनगर मागं पडतं. त्यातच १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच राहिलं नाही. आपण मुंबई राज्यात आलो, महबूबनगर आंध्रात गेलं. घर इकडं आणि मरणाची जागा तिकडं.

आजोबांचं नाव असलेला रेल्वेचा कागद अजून माझ्या हाती नाही, हे मी खरं सांगतो. पण वही आहे, हळद आहे आणि पंचांग आहे. तिन्हींची साक्ष एकच निघते.

यंदा वडिलांना घेऊन तिकडं गेलो. रुळाकडं बघत ते बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "एवढ्या लांब आलते व्हय?" दुसरं काही बोलले नाहीत. गुरुजींनी पंचांग बघून श्रावण वद्य त्रयोदशी धरली. आता आमच्या घरी आजोबांना तिथी आहे.

एक विनंती करतो आणि थांबतो. ज्यांच्या घरी, देवघरात, पेटीत, माळवदावर दिंडीची जुनी वही असेल, त्यांनी ती रद्दीत घालू नका. आणून द्या, उतरवून घेऊन परत करू. आणि दुसरं, त्याच शके १८७८ च्या वारीत आमची आजी डोक्यावर तुळस घेऊन चालली होती. वहीत तिच्यासाठी लिहिलंय, "विणेकऱ्याचे घरातून एक." ज्या बाईच्या आठवणीनं हा शोध लागला, तिचं नाव आपल्या वहीत नाही. शंभर वर्षं झाली, माऊली. यंदाच्या वहीत प्रत्येक माउलीचं पूर्ण नाव लिहा.

राम कृष्ण हरी.