झाडाच्या पायाशी पाचोळा

माघ-फाल्गुनात कडुनिंब, पिंपळ, साग पानं गाळू लागतात. अंगण झाडावं तर तासाभरात पुन्हा पाचोळा. मग ढीग करून आपण त्याला काडी लावतो. आणि चैत्र-वैशाखात आपलीच तक्रार असते की, सकाळी पाणी घातलं तरी दुपारी झाड मान टाकतं! ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर झाडांनी आयतं टाकलेलं पांघरूण आपण जाळून बसलेले असतो.

विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. उघड्या मातीचा वरचा थर त्याहूनही तापतो. त्यातलं पाणी उडून जातं, मग खालची ओल वर चढते आणि तीही उडते. जास्वंदीची, मोगऱ्याची, कढीपत्त्याची पाणी पिणारी बारीक मुळं बहुतेक याच वरच्या वीतभर मातीत असतात. तिथे दोन-तीन इंच पाचोळा पसरला की ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि वाफसा टिकतो. अंधारात तणही फारसं उगवत नाही. गांडुळं वर येऊन काम करू लागतात. शेतीत प्रयोग करणारे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर आणि त्यांचा शेतकऱ्यांचा गट ‘प्रयोग परिवार’ पाचोळ्याला कचरा मानत नसत, ते उगाच नव्हे.

पाचोळाच हवा असं नाही. ऊसपट्ट्यात पाचट आहे, कोकणात भाताचा पेंढा आणि नारळाची सोडणं आहेत. शहरात काय करावं? कोपऱ्यावरच्या रसवंतीत जा. उसाची चिपाडं पोतं भरून मिळतील. मात्र ती आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडव्याला मुंग्या लागतात. सागाची पानं आख्खी अंथरू नका. कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी बाहेर ओघळतं. ती चुरून टाका. हिरवळीचं कापलेलं ओलं गवत जाड थरात टाकलं तर आंबतं, तापतं, तेही वाळवूनच. लाकडाचा भुसा वर पसरला तर चालेल, पण मातीत मिसळू नका. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळं पडतं.

अंथरण्याआधी आळं नीट भिजवा. कोरड्या मातीवर पांघरूण घातलं तर कोरडेपणाच झाकला जातो. खोडाभोवती तीन-चार बोटं जागा मोकळी सोडा. नाहीतर तिथे ओल साचून साल कुजते, हे मी पुष्कळ बागांत पाहतो. वाळवीचा त्रास असेल तर थर पातळ ठेवून अधूनमधून हलवा. आणि पाणी सवयीनं घालू नका. पाचोळा बाजूला सारून बोट खुपसा; ओल लागली तर त्या दिवशी झारी ठेवून द्या. कुंडीतही हेच, फक्त थर इंचभर पुरे. निवडुंग आणि अडेनियम यांच्या वाटेला मात्र जाऊ नका, त्यांना कोरडी मातीच मानवते.

मृगाचा पाऊस सुरू झाला की उरलेला थर खोडापासून आणखी दूर ओढा. ओल्या पाचोळ्यात गोगलगायी लपतात आणि रात्री कोवळी रोपं फस्त करतात. तळाशी काळं, भुसभुशीत झालेलं खत दिसेल, ते तिथेच राहू द्या.