ॲनी मूर कुठे गेली?

१ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्यांच्या नोंदीचे नवे ठाणे सुरू झाले. वहीत पहिले नाव चढले ते ॲनी मूर या आयरिश मुलीचे. क्वीन्सटाउनहून, म्हणजे आजच्या कोव्हहून, ती 'नेव्हाडा' जहाजाने आली होती. बरोबर अँथनी आणि फिलिप हे धाकटे भाऊ. आईवडील आधीच न्यूयॉर्कला पोचलेले. अधिकाऱ्यांनी तिच्या हातावर दहा डॉलरचे सोन्याचे नाणे ठेवले. आज तिचा पंधरावा वाढदिवस, असेही वर्तमानपत्रांनी छापून टाकले. ती होती सतरा वर्षांची! वार्ताहरांना गोड बातमीचा मोह तेव्हाही आवरत नसे.

पुढे ती टेक्सासला गेली, तिथेच संसार थाटला आणि ट्रामच्या धडकेने वारली, अशी कथा कित्येक वर्षे चालली. तिथल्या त्या बाईच्या वारसांना समारंभांची बोलावणी येत. मेगन स्मोलेनयाक या वंशावळीच्या अभ्यासक. त्यांनी त्या बाईची जनगणनेतली नोंद पाहिली, तर जन्म इलिनॉयचा. अमेरिकेतच जन्मलेली बाई आयर्लंडहून बोटीने कशी येईल? जुळत होते फक्त नाव, आणि मूर हे आडनाव तर आयरिश लोकांत पैशाला पासरी.

स्मोलेनयाकबाईंनी २००६ मध्ये खऱ्या ॲनीचा माग लावणाऱ्याला हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. न्यूयॉर्क शहराच्या अभिलेख विभागाचे प्रमुख ब्रायन अँडरसन यांनी मदत केली. धागा सापडला तो ॲनीच्या नव्हे, फिलिपच्या कागदात. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते, त्याचा दाखला शिल्लक होता.

ॲनी पश्चिमेकडे गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या दाटीवाटीच्या वस्तीत तिने जन्म काढला. जर्मन स्थलांतरितांच्या मुलाशी, जोसेफ शायरशी, लग्न केले. अकरा मुले झाली. निम्मीही मोठी झाली नाहीत. १९२४ मध्ये, पन्नाशीत, हृदयविकाराने ती गेली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या कबरीवर २००८ पर्यंत नावाचा दगड नव्हता. टेक्सासची कथा लोकांना का आवडली, ते यावरून कळते. आयर्लंडहून आलेली पोर पश्चिमेचे मोकळे माळ गाठते, हे ऐकायला बरे वाटते. चाळीतल्या बाळंतपणांची गोष्ट कोण सांगणार? सरकारी कागद मात्र ती सांगतात. १९०० आणि १९१० च्या अमेरिकन जनगणनेत प्रत्येक आईला विचारले जाई: मुले किती झाली, आणि हयात किती? त्या दोन रकान्यांतले अंतर पाहिले की कुटुंबाची अवस्था कळते.

असे शोध अवघड होतात याला कारणे आहेत. आयर्लंडच्या १८६१ ते १८९१ या चारही जनगणनांचे कागद सरकारनेच नष्ट केले; १८८१ आणि १८९१ चे तर पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले. त्याआधीचे बहुतेक कागद १९२२ च्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दफ्तरखान्यासह जळाले. आज पूर्ण हाती येणारी सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची. १८७४ मध्ये जन्मलेली ॲनी तोवर कधीच देश सोडून गेली होती. मग उरतात चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, जहाजाची यादी, लग्नाची नोंद. एक अनपेक्षित साधन न्यूयॉर्कच्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या वह्या. १८५० मध्ये निघालेल्या या बँकेत खातेदाराची ओळख पटावी म्हणून त्याचे गाव, आईबाप, भावंडे, कधी जहाजसुद्धा लिहून घेत. पैसे चुकीच्या माणसाला जाऊ नयेत म्हणून केलेल्या या टिपणांतून आज पूर्वजांची गावे सापडतात.

आयर्लंडमधला आपला पूर्वज शोधायला बसणाऱ्याला माझे एवढेच सांगणे: त्याच्या नावामागे धावू नका. त्याच्यासोबत बोटीवर कोण होते ते बघा, आणि आधी त्या भावंडांचे कागद काढा.