मेणाची डबी, स्प्रेची बाटली आणि आपली टाकी

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या गच्चीवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "काका, बँकेवर नको, गुंतवणुकीवर नको, काहीतरी रोजच्या उपयोगाचं बोला." रोज सकाळी साडेसहाला मी फिरायला उतरतो, तेव्हा खाली दोन गोष्टी चालू असतात. गाड्या धुणं आणि गाड्यांवरून बोलणं. कोणी विचारतो, "काका, ते सिरॅमिकचं काय हो? करावं का?" म्हणून आजचा विषय तोच. पूर्वी आपण डबीतलं मेण लावून गाडी चमकवायचो, आता स्प्रे आलाय. त्यात खरं किती, खोटं किती, आणि त्याचा आपल्या पाण्याच्या टाकीशी काय संबंध?

आधी थोडा इतिहास. 25 वर्षांपूर्वी आपण इथे ताबा घेतला, तेव्हा आपला जिल्हा ठाणे होता. महानगरपालिका 2009 साली झाली, पालघर जिल्हा 2014 साली. तेव्हा आपल्या आवारात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, बाकी सगळ्या स्कूटरी. त्याआधीची बजाज स्कूटर म्हणजे वर्षानुवर्षांचं वेटिंग. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी दारात असणं म्हणजे मोठी गोष्ट. अशा वस्तूला माणूस जिवापाड जपणारच. त्या गाड्यांचा रंग आजच्यासारखा नव्हता. वरचा थर उन्हाने मरायचा, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागायची. म्हणून पॉलिशची डबी उघडायची, फडक्याने गोल गोल घासायचं, वाळू द्यायचं आणि मऊ कापडाने पुसायचं. फडक्याला गाडीचाच रंग लागायचा, आणि आपल्याला वाटायचं, वा, काय मळ निघाला!

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ तो अंगावर घेतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही कमी. गाडीची चमक टिकवायची म्हणजे हा थर टिकवायचा. जोर लावून घासलं की तो झिजतो. आम्हा जुन्या माणसांचं "घासलं म्हणजे स्वच्छ झालं" हे सूत्र नव्या गाडीला लागू पडत नाही.

आता मेणाकडे येऊ. चांगल्या कार वॅक्समध्ये कार्नोबा नावाचं मेण असतं. ब्राझीलच्या ईशान्य भागात ताडासारखं एक झाड होतं, त्याच्या पानांवर हे मेण असतं. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती सोय. आपल्याकडे अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब कसा मोत्यासारखा फिरतो, पान भिजतच नाही. मेण लावलेल्या बॉनेटवर पाणी तसंच नाचतं.

पण मेण टिकत नाही. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन, मग चार महिन्यांचा पाऊस, त्यात कपडे धुण्याच्या पावडरीचं पाणी. या तिन्हींपुढे ते काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत उतरतं. काळ्या प्लास्टिकवर लागलं की पांढरे डाग पडतात ते वेगळंच. आणि सत्तरीनंतर खांदा ऐकत नाही. संपूर्ण गाडीला मेण लावून पुसायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

स्प्रेमध्ये सिलिकावर आधारलेले घटक असतात. सिलिका म्हणजे वाळूचा मुख्य घटक. सिरॅमिक हे नाव त्यावरून आलं. घरी वापरायच्या बाटलीत हे घटक पाण्यात मिसळून पातळ केलेले असतात. फवारायचं, मायक्रोफायबरच्या कापडाने पसरायचं, दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचं. अर्ध्या तासात गाडी होते. माझ्या गाडीवर त्याचा परिणाम तीन-चार महिने राहतो. बाटलीवर याहून जास्त लिहिलेलं असतं, पण बाटलीवरचं ऊन-पाऊस आणि वसईचं ऊन-पाऊस यात फरक पडणारच.

दुकानात जाऊन करून घेतात ते कोटिंग याच जातीचं, पण जास्त दाट. ते काही वर्षं टिकू शकतं आणि त्याचा खर्च हजारोंत जातो. तिथे तुम्हाला "9एच" असा शब्द ऐकवतील. ऐकणाऱ्याला वाटतं, हिऱ्याला 10, आपल्या गाडीला 9! तर तसं नाही. हा आकडा पेन्सिलीचा आहे. शाळेत आपण एचबी पेन्सिल वापरायचो, तिच्याहून कडक एच, 2एच असं करत 9एचपर्यंत पेन्सिली असतात. त्या पेन्सिलीने ओरखडा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या रिक्षाचा हँडल घासला, लहान मुलाने सायकल टेकवली, तर 9एच काही मदतीला येत नाही.

माझ्या एका नातेवाइकाने "पाच वर्षं गॅरंटी" ऐकून असं कोटिंग करून घेतलं. दुसऱ्या वर्षी चमक गेली म्हणून तो दुकानात गेला, तर कागदावर बारीक अक्षरात होतं की दरवर्षी त्यांच्याकडेच पैसे भरून देखभाल केली पाहिजे. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की सही करण्याआधी बारीक अक्षर वाचा. कर्जाच्या कागदाला जे लागू, तेच इथेही. आधी गाडी कशी साफ करणार, किती थर देणार, दरवर्षी किती पैसे लागणार आणि गॅरंटी नक्की कशाची, हे चार प्रश्न लेखी विचारा. आयकराच्या हिशेबात धंद्याच्या मोटारीला साधारणपणे वर्षाला 15 टक्के घसारा धरतात. गाडी ही अशी उतरणीची वस्तू आहे. नवी गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे आणि ती उघड्यावर उभी राहते, तर दुकानातल्या खर्चाचा विचार जरूर करा. सात-आठ वर्षांची गाडी असेल तर काही शे रुपयांची बाटली पुरे. ज्याचा वरचा थरच पापुद्रे धरून सुटला आहे, त्याला दोन्हींचा उपयोग नाही. त्याला पेंटरच हवा.

आता आपल्या गावापुरत्या काही गोष्टी.

पहिली, खारी हवा. अर्नाळा, राजोडी, कळंब, सुरुची बाग, सगळीकडे समुद्र. गाडी गंजते ती बहुधा खालून, दरवाजाच्या तळाशी आणि जिथे रंग उडाला आहे तिथून. वरचा स्प्रे तिथे पोहोचत नाही. समुद्रावर जाऊन आलात तर खालची बाजू आणि चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुवा.

दुसरी, बोअरवेलचं पाणी. ते क्षारांचं असतं. गाडीवर थेंब वाळला की पांढरा गोल डाग पडतो, आणि कोटिंग केल्याने तो पडायचा थांबत नाही. उलट थेंब गोल राहतो आणि उन्हात तिथल्या तिथे वाळतो. म्हणून सावलीत धुवा आणि लगेच पुसा.

तिसरी, पावसाळा. दमट हवेत आणि ओल्या पत्र्यावर स्प्रे नीट बसत नाही, पट्टे दिसतात. मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि दसऱ्याच्या आधी एकदा, हे आपलं वेळापत्रक ठेवा. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. हळद-कुंकू ओलं लावलं की पांढऱ्या रंगावर डाग धरतो. संध्याकाळपर्यंत पुसून घ्या. झेंडूच्या माळेची तार बॉनेटला घासू देऊ नका. पूजा गाडीची आहे, तिला जखम कशाला?

चौथी, दुचाकीवाल्यांसाठी, आणि ही नीट ऐका. स्प्रे सीटवर, पाय ठेवायच्या जागेवर, हँडलच्या मुठीवर, टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर मारायचा नाही. तो पृष्ठभाग गुळगुळीत करतो, आणि या जागा गुळगुळीत झाल्या तर माणूस पडतो. मॅट रंगाच्या गाडीला साधं मेण लावू नका, चकाकीचे चट्टे पडतात. तिच्यासाठी वेगळी बाटली मिळते.

लावायची पद्धत सोपी आहे. जुनं मेण असेल तर भांडी घासायच्या लिक्विडने एकदा गाडी धुवून ते काढा, मेणावर सिरॅमिक धरत नाही. मग पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून बॉनेटवर हलकेच फिरवा. खरखर लागली तर अजून मळ आहे. मळावर स्प्रे मारला तर मळच झाकला जातो. गाडी थंड आणि कोरडी हवी. एका वेळी एक दरवाजा घ्या, थोडंच फवारा आणि वाळायच्या आत पुसा. काचेवर मारायचं की नाही ते बाटलीवर वाचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या आवारातला पाईप मी एकदा बादलीत धरून घड्याळ लावलं. 20 लिटरची बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला 13 लिटर. एक गाडी 10 मिनिटं पाईपने धुतली की 130 लिटर गेले. शहराच्या पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना एका माणसाला दिवसाला 135 लिटर धरतात. म्हणजे एक गाडी धुतली की एका माणसाचं जवळजवळ दिवसभराचं पाणी गटारात.

30 गाड्या आठवड्यातून दोनदा धुतल्या तर 7,800 लिटर होतात. तेच 15 लिटरच्या दोन बादल्यांत केलं, तर 1,800 लिटर. आठवड्याला 6,000 लिटर वाचले. पावसाळा वगळून 35 आठवडे धरले तर 2 लाख 10 हजार लिटर, म्हणजे 10,000 लिटरचे 21 टँकर. याचं बिल मेंटेनन्समधून जातं, आणि ज्यांच्याकडे गाडीच नाही तेही ते भरतात. हे मला खटकतं.

कोणी म्हणेल, मेण लावत होतो तेव्हाही बादलीने धुता आलं असतं. बरोबर आहे. पाणी वाचवते ती बादली. स्प्रेमुळे मळ घट्ट धरत नाही, म्हणून दोन बादल्यांत भागतं, इतकाच त्याचा वाटा. फार चिखल असेल तर आधी मगाने पाणी मारून वाळूचे कण खाली पाडा, मग कापड लावा. एक बादली साबणाची, दुसरी कापड पिळायची.

आता सूर्या प्रकल्पाचं जादा पाणी आलं, खरं आहे. पण आपल्यातले जुने लोक टँकरची वाट बघत रात्री जागलेत. ते पाणी कुठून यायचं? आसपासच्या गावांतल्या विहिरींतून. त्या उपशाविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठवला, तेव्हा आपल्यातल्या काहींना तो आपल्याविरुद्धचा वाटला होता. आज माझं मत असं आहे की ज्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन आपण इथे स्थिरावलो, त्यांचं आपण देणं लागतो. ते पाणी पिण्यासाठी घेतलं, हे समजण्यासारखं आहे. बॉनेटवर ओतण्यासाठी घेणं बरोबर नाही.

शेवटचा मुद्दा गाड्या धुणाऱ्या मुलांचा. पहाटे पाचला येतात, एकेक जण वीस-वीस गाड्या करतो. पाईप बंद केला की काही सभासद म्हणतील, "आता काम कमी झालं, पैसे कमी करा." तसं करू नका. बादली उचलून नेणं पाईप धरण्यापेक्षा कष्टाचं आहे. त्यांना कोरड्या धुळीवर फडकं मारायला लावू नका, गाडीवर जे गोल गोल ओरखडे दिसतात ते बहुतेक त्यानेच पडतात. प्रत्येक गाडीमालकाने आपली दोन मायक्रोफायबरची कापडं त्यांच्याकडे द्यावीत. एकाच फडक्याने वीस गाड्या पुसल्या की पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीला ओरखडे पाडते.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मी लेखी ठराव देणार आहे. एक, आवारात पाईपने गाडी धुणं बंद, प्रत्येक गाडीला दोन बादल्या. दोन, गाडी धुणाऱ्यांच्या महिन्याच्या पैशात कपात नाही. तीन, बादल्या भरायला स्टिल्टमध्ये दोन नळ, त्यांना मीटर. ठरावाला अनुमोदक हवा आहे. ज्यांना मान्य नसेल त्यांनीही सभेला यावं आणि बोलावं. गेली 25 वर्षं आपण असेच भांडत, ठराव करत इथवर आलो.

बाटली कोणती घ्यावी हे विचारायला रविवारी सकाळी खाली या. माझी गाडी उघडी असते, एक दरवाजा तुमच्या हाताने करून बघा. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.