स्पॅनिश घडीचा पंखा : पारख आणि मोल

(भाषणाचा मजकूर)



मांडो नाचणाऱ्या गोमंतकीय स्त्रीच्या हातातील घडीचा पंखा सर्वांच्या परिचयाचा आहे. असाच एखादा पंखा जुन्या पेटीतून निघाला आणि त्यावर गुलाब किंवा उद्यानातील प्रेमिकांचे चित्र दिसले, की तो 'स्पॅनिश, हाताने रंगविलेला' असल्याचा निर्वाळा तत्काळ दिला जातो. या एका वाक्यापायी कधी मौल्यवान वस्तू कवडीमोलाने जाते, तर कधी कालपरवाच्या पंख्यासाठी पुरातन वस्तूचे दाम मोजले जातात.

घडीचा पंखा मूळचा जपानचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत तो युरोपात पोहोचला. स्पेनमध्ये या धंद्याने मूळ धरले ते व्हॅलेन्सिया शहरी आणि त्याच्या शेजारच्या आल्दाया गावी. आल्दायात आजही पंखे होतात व त्यांचे संग्रहालयही आहे. तथापि, एकोणिसाव्या शतकात स्पेनच्या बाजारासाठी फ्रान्समध्येही असंख्य पंखे तयार होत. म्हणून बैलझुंजीचे चित्र आहे एवढ्यावरून पंखा स्पेनमध्ये घडला असे सिद्ध होत नाही. गोव्यातील पंख्याबाबत आणखी एक शक्यता ध्यानी घ्यावी लागते. मकावशी असलेल्या जुन्या दळणवळणामुळे तो कँटनचा चिनी पंखाही असू शकेल. चित्रातील माणसांचे चेहरे हस्तिदंताच्या चकत्यांचे आणि वस्त्रे रेशमी तुकड्यांची चिकटविलेली असली, तर तो बहुधा त्या जातीचा होय.

पारख करताना प्रथम भिंग घ्यावे. इसाबेल राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३३ ते १८६८ या काळात, शिळाछाप चित्रावर हाताने रंग भरण्याची पद्धत रूढ होती. अशा पंख्यात रंगाखाली छापाच्या बारीक रवाळ रेषा दिसतात. सर्वस्वी हाताने रंगविलेल्या पानावर कुंचल्याचे फटकारे आणि रंगाचा किंचित उंचवटा जाणवतो. एकाच नक्षीतील दोन फुलेही तंतोतंत सारखी नसतात. 'हाताने रंगविलेला' अशी स्पॅनिश अक्षरे छापलेली आहेत, हा मात्र पुरावा नव्हे! याचा अर्थ नवा पंखा हलका असा नव्हे. नाशपातीच्या लाकडाच्या काड्यांचा, चित्रकाराच्या सहीचा आजचा पंखाही अस्सल कारागिरी असू शकतो. फक्त त्याची किंमत नव्याचीच द्यावी.

खरी मेख पान आणि काड्या यांच्या मेळात आहे. फाटलेले पान काढून दुसऱ्या पंख्याचे पान बसविण्याचा प्रघात जुना आहे. पानावर चालू घड्यांखेरीज जुन्या घड्यांच्या पुसट रेषा दिसल्या, किंवा घडीची रुंदी काडीशी जुळेनाशी झाली, की ते पान परके समजावे. अशा जोडपंख्याचे मोल बरेच घटते. खिळ्याला लोंबती कडी असूनही पंखा अठराव्या शतकातील म्हणून दाखविला जात असेल, तर संशयास जागा आहे. या कड्या एकोणिसाव्या शतकात रूढ झाल्या.

काड्यांच्या बाबतीत हाड, हस्तिदंत व सेल्युलॉइड यांची गल्लत होते. हाडावर काळपट बारीक छिद्रे असतात. हस्तिदंतात ती नसतात, सूक्ष्म नैसर्गिक रेषा असतात. सेल्युलॉइडमधील रेषा अतिनियमित असतात व ते चोळून ऊन केले असता कापरासारखा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो मुळीच मानू नये. सेल्युलॉइड चटकन पेट घेते.

येथे कायद्याचाही संबंध येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये हस्तिदंती वस्तूंचा व्यापार निषिद्ध आहे. तसेच १९७२ च्याच पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार १०० वर्षे वा त्याहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही. दारी आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणी करण्यापूर्वी शासनाच्या पुरातत्त्व खात्याकडे किंवा जवळच्या संग्रहालयाकडे पंखा दाखवून घ्यावा.

तो नेताना उघडून दाखविण्याची घाई करू नये. जुने रेशीम घड्यांवरच तडकते. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये, कारण तिचा डाग पुढे निघत नाही. पंखा मिटलेल्या स्थितीत, स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळून न्यावा. आणि मूळची पेटी असल्यास तीही बरोबर असावी, कारण दुकानाचे नाव पुष्कळदा पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूसच मिळते.