झाडावर बसणारी बदकं

आम्ही करी रोडच्या चाळीतल्या महिला मंडळाच्या बायका बोलतोय.

गेल्या पावसाळ्यात आम्ही निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलो. तिथं एका झाडाच्या फांदीवर तपकिरी बदकं ओळीनं बसलेली! बदक पाण्यात असतं, हे झाडावर काय करतंय? सोबतचा वाटाड्या म्हणाला, "ही अडई. शीळ घालते. नर-मादी दिसायला सारखेच, आणि अंडी दोघं मिळून उबवतात." यावर आमच्यात जो हशा पिकला, तो तुम्हाला सांगायला नकोच.

आपल्याकडे झाडाच्या ढोलीत अंडी घालणारी आणखी दोन बदकं आहेत. एक नकटा. नाव नकटा, पण विणीच्या दिवसांत नराच्या चोचीवर मोठा उंचवटा येतो. दुसरी काणूक, अगदी चिमुकली. तिची पिल्लं अंड्यातून निघाली की लवकरच ढोलीतून थेट खाली उड्या मारतात.

मग ही सगळी एकाच कुळातली का? 1945 मध्ये देलाकूर आणि मायर या शास्त्रज्ञांनी झाडावर बसणाऱ्या बदकांचा एक गट मांडला. नकटा आणि काणूक त्यात होते. अडई तेव्हाही वेगळ्या शाखेत होती. पुढे हाडांची ठेवण आणि डीएनए तपासल्यावर कळलं, की या गटातल्या बदकांचा पूर्वज एक नाही. राहणी सारखी, रक्त वेगळं. तो गट मोडला.

आम्हाला यात नवल वाटलं नाही. गिरणीच्या काळात इथं एका खोलीत वीस-वीस गडी राहायचे, एकाच खानावळीत जेवायचे. बाहेरच्याला वाटे, भाऊच आहेत. नातं नव्हतं, पण गरज एकच होती: डोक्यावर छप्पर.

या बदकांचंही तसंच. त्यांना स्वतःला ढोली कोरता येत नाही. जुनं, पोकळ झाड मिळालं तरच तिथं घर होतं. आणि असंच झाड आपण "वाळलंय" म्हणून सरपणाला आधी तोडतो.

सरपणाची ओढाताण आम्ही गावाकडं पाहिली आहे. म्हणून एवढंच सांगतो: तळ्याकाठच्या झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी ढोलीकडं बघा. पावसाळा तर जाऊच द्या, तेव्हा आत अंडी असतात. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत तळ्याकाठचं एक तरी जुनं झाड राखायचं ठरवा.