मोडक्या इंजिनाची शाळा

शर्यतीची मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते लखलखीत कारखाने, पांढरे डगले घातलेले इंजिनिअर आणि पाण्यासारखा वाहणारा पैसा. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. मोटारशर्यतींच्या जगात आज ज्या नावांना मान आहे, त्यांपैकी दोन नावांचा उगम घराशेजारच्या साध्या गॅरेजात, एका जुन्या, स्वस्त आणि चिमुकल्या इंजिनापाशी सापडतो. ते इंजिन ‘ऑस्टिन सेव्हन’ ह्या मोटारीचे, आणि ती नावे म्हणजे मॅक्लारेन व लोटस. इंजिन घरी उघडणे, दुरुस्त करणे आणि त्याला मूळच्याहून अधिक बलवान बनवणे, ह्या उद्योगाविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत. मी यंत्रज्ञ नव्हे, शिक्षक आहे. म्हणून ह्या उद्योगाकडे मी एक शाळा ह्याच दृष्टीने पाहणार आहे.

प्रथम त्या इंजिनाची ओळख करून घेऊ. १९२१ साली इंग्लंडमधील ऑस्टिन कंपनी आर्थिक संकटात सापडली होती. लहान मोटार काढण्याची सर हर्बर्ट ऑस्टिन ह्यांची कल्पना संचालकांना मानवली नाही. तेव्हा ऑस्टिन ह्यांनी स्टॅन्ली एज ह्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या तरुणाला हाताशी धरले आणि आपल्या राहत्या घरातील बिलियर्डच्या खोलीत मोटारीचे आराखडे तयार करविले. ह्या इंजिनाचा जन्मदेखील असा घरातच झाला! १९२२ साली मोटार लोकांपुढे आली. तिचे वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास. थोड्याच काळात तिच्या इंजिनाचे आकारमान ७४७ घनसेंटिमीटर असे कायम झाले. म्हणजे आजच्या मोठ्या मोटारसायकलीएवढे किंवा त्याहूनही कमी! त्यात सिलिंडर मात्र चार, आणि शक्ती सुमारे दहा अश्वशक्ती. १९३९ सालापर्यंत अशा अडीच लाखांहून अधिक मोटारी रस्त्यावर आल्या.

ह्या गरिबांच्या मोटारीला शर्यतीची हौस लवकरच जडली. १९२९ साली उत्तर आयर्लंडमधील आर्ड्स येथे झालेल्या मोठ्या शर्यतीत, लहान मोटारींना मिळणारी सवलत धरून, आर्ची फ्रेझर-नॅश ह्यांनी ऑस्टिन सेव्हनमधून तिसरा क्रमांक मिळवला. त्या प्रांताच्या नावावरून कंपनीने आपल्या क्रीडा-मोटारीला ‘अल्स्टर’ हे नाव दिले. तिचे इंजिन मूळ आकाराचेच, परंतु शक्ती दुपटीहून अधिक.

अशीच १९२९ सालची एक अल्स्टर, सुटे भाग पेट्यांत भरलेल्या स्थितीत, न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी लेस मॅक्लारेन ह्या गृहस्थांनी विकत घेतली. त्यांचा पेट्रोलपंप आणि गॅरेज होते. त्यांचा मुलगा ब्रूस १९३७ साली जन्मलेला. नवव्या वर्षी त्याच्या नितंबाच्या सांध्याला ‘पर्थेस’ ह्या नावाचा विकार जडला. ह्या विकारात मांडीच्या हाडाच्या गोलाला रक्तपुरवठा होत नाही आणि हाड झिजते. हसण्याखेळण्याची ती वर्षे ह्या मुलाने अपंग मुलांच्या रुग्णालयात, पाय ताणून बांधलेल्या अवस्थेत, बिछान्यावर काढली. तो पुन्हा चालू लागला, पण डावा पाय आखूड राहिला तो कायमचा. धावण्याच्या खेळांत ज्याला जागा उरली नाही, अशा मुलासमोर एके दिवशी त्या पेट्या आल्या.

श्रोतेहो, पेट्यांतून आलेले इंजिन जोडणे म्हणजे काय, ह्याची थोडी कल्पना द्यावयास हवी. प्रत्येक भाग रॉकेलने धुऊन स्वच्छ करावा लागतो, कारण मळाखाली चीर लपते. मग मोजमाप. सिलिंडर बाहेरून कितीही धडधाकट दिसला, तरी आतून तो सारखा झिजत नाही. रिंगा जेथून परत फिरतात त्या वरच्या भागात झीज अधिक असते, आणि दट्ट्या एका बाजूला रेलत असल्यामुळे गोल भोक किंचित लंबगोल होते. डोळ्याला हे दिसत नाही, मोजणाऱ्या हत्याराला दिसते. झीज फार असेल तर सिलिंडर बोअर करून घ्यावे लागतात आणि त्यांत थोड्या मोठ्या मापाचे नवे पिस्टन बसवावे लागतात. इंचाच्या हजाराव्या भागावर येथे भांडणे होतात! पिस्टन घट्ट बसला तर तापल्यावर फुगून अडकतो. सैल बसला तर खडखडतो आणि तेल पितो. त्यानंतर झडपा. बारीक खरीची पेस्ट लावून प्रत्येक झडप तिच्या बैठकीवर हाताने फिरवत घासायची, ती सर्व बाजूंनी एकसारखी करडी रेघ दिसेपर्यंत. ह्या कामात घाई चालत नाही आणि कोणाच्या ओळखीचाही उपयोग होत नाही. अखेरीस हेड बसवताना नट मध्यापासून कडेकडे, थोडेथोडे करून आवळायचे. एका अंगाने आवळत गेल्यास हेड वाकते आणि गॅसकेट फुटते. शाळेत आम्ही क्रम, माप आणि धीर ह्यांवर व्याख्याने देतो. इंजिन व्याख्यान देत नाही. चूक झाली तर ते सुरूच होत नाही, एवढेच त्याचे उत्तर.

मॅक्लारेन पितापुत्रांनी ती मोटार उभी केली. वडिलांना ती चालवून फारसे समाधान झाले नाही व ती विकून टाकावी असे त्यांच्या मनात आले. मुलाने ती विकू दिली नाही. १९५२ साली ऑकलंडजवळ मुरिवाई येथे भरलेल्या चढाच्या शर्यतीत हा चौदापंधरा वर्षांचा मुलगा तीच मोटार घेऊन उतरला. एका पायाने लंगडणाऱ्या मुलाच्या हाती वेगवान मोटार देताना त्या बापाला काय वाटले असेल? पण वडिलांजवळ एक गोष्ट होती जी इतरांजवळ नव्हती. मोटारीचा प्रत्येक नट कोणी आणि कसा आवळला आहे, हे त्यांना ठाऊक होते. आंधळी माया मुलाला घरात कोंडून ठेवते आणि बेफिकिरी त्याला संकटात लोटते. जाणता विश्वास ह्या दोहोंहून निराळा. तो मुलाबरोबर गॅरेजात जमिनीवर बसून काम केल्याशिवाय येत नाही.

आता दुसरे गॅरेज. लंडनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा विद्यार्थी युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकत होता. १९४८ साली, जिच्याशी पुढे त्याचा विवाह झाला त्या हेझल विल्यम्सच्या आईवडिलांच्या घरामागील गॅरेजात त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली मोटार रचली. ब्रिटनमध्ये ‘७५० मोटर क्लब’ ही हौशी मंडळींची संस्था ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनावरच शर्यती भरवीत असे. सर्वांचे इंजिन एकच असल्याने पैशापेक्षा डोक्याची कसोटी अधिक. १९५१ साली चॅपमनने आपली तिसरी मोटार तेथे आणली आणि सगळ्यांना मागे टाकले.

त्याने केले काय? ऑस्टिनच्या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेण्याच्या वाटा दोनच. दोन दोन सिलिंडरांना एकेक सामायिक वाट. त्यात जोडीतले दोन सिलिंडर लागोपाठ श्वास घेतात. एकाचा घोट पुरा होण्याच्या आतच दुसरा ओढू लागतो, आणि दोघेही अर्धपोटी राहतात. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांसारखी ही गत! चॅपमनने त्या सामायिक वाटेच्या आत धातूची पातळ भिंत बसवून एकीच्या दोन वाटा केल्या आणि चारही सिलिंडरांना वेगळी नळी दिली. नवे इंजिन नाही, मौल्यवान सामान नाही. जी अडचण सर्वांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे होती ती त्याने नीट पाहिली, एवढेच. इतरांना हे इतके जाचले की पुढे क्लबाने नियम बदलून ही युक्तीच बंद केली. १९५२ साली चॅपमनने लोटस कंपनीची स्थापना केली.

येथे एक धोक्याची सूचना दिली पाहिजे. इंजिनाची शक्ती वाढवण्याचे मार्ग सांगायला सोपे आहेत. हेडचा तळ लेथवर किंचित तासून घेतला की स्फोटाची जागा लहान होते, मिश्रण अधिक दाबले जाते आणि धक्का जोराचा बसतो. परंतु दाब वाढला की हलके पेट्रोल वेळेपूर्वीच भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. युद्धानंतर १९५३ सालापर्यंत ब्रिटनमध्ये सरसकट एकाच हलक्या प्रतीचे पेट्रोल मिळत असे, त्यामुळे हौशी लोकांना ही मर्यादा पदोपदी जाणवे. फेरे वाढवले तर झडपांच्या स्प्रिंगा कमी पडतात. स्प्रिंगा कडक केल्या तर त्यांना उचलणाऱ्या भागांवर ताण येतो. आणि सर्वांच्या तळाशी क्रँकशाफ्ट. ऑस्टिन सेव्हनचा हा दंड १९३६ सालापर्यंत दोनच बेअरिंगांवर, दोन टोकांना, टेकलेला असे. मध्ये आधार नाही. वेग फार वाढला की तो दोरीवरच्या उडीतील दोरीसारखा वाकू पाहतो, आणि एके दिवशी मोडतो. म्हणजे एका अवयवाला बळ द्यायचे, तर शेजारच्या अवयवाला आधी विचारले पाहिजे. जो हे विचारतो तो सुधारणा करतो, जो विचारत नाही तो मोडतोड करतो. ही गोष्ट इंजिनापुरतीच खरी आहे, असे कोणी समजू नये.

ब्रूस मॅक्लारेन १९५९ साली, बावीस वर्षांचा असताना, अमेरिकेतील सेब्रिंग येथे ग्रांप्री शर्यत जिंकला. १९६३ साली त्याने स्वतःचा संघ काढला आणि १९६८ साली बेल्जममध्ये स्वतःचे नाव धारण करणाऱ्या मोटारीतून विजय मिळवला. पण कथा येथे थांबत नाही. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवुड येथे नव्या मोटारीची चाचणी घेताना भर वेगात तिचे मागील आवरण सुटले आणि बत्तिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. लहानपणापासून नट आवळत आलेल्या माणसाचा! ह्यावरून कोणी म्हणेल की त्या पेट्या उघडल्याच नसत्या तर बरे झाले असते. मला तसे म्हणवत नाही. वेगाचा मोह घातक आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर तो दाखवणे हा अपराध आहे. हे आपल्या तरुणांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. पण ज्या मुलाला अंथरुणावर खिळून काही वर्षे काढावी लागली, त्याला त्या मोडक्या इंजिनाने केवळ वेग दिला नाही. ‘माझ्या हातून काहीतरी उभे राहते’ हा विश्वास दिला. त्या विश्वासावर उभा राहिलेला संघ त्याच्यामागे टिकला, आणि २०२४ साली त्याने पुन्हा जगातील मोटार-निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळवले.

आपल्याकडे क्रीडा-मोटारी घरोघरी नाहीत, आणि त्या असाव्यात असेही नाही. पण बिघडलेला पंखा, जुनी सायकल, पाणी न ओढणारा पंप, आजोबांची बंद पडलेली स्कूटर ह्या वस्तू बहुतेक घरांत सापडतात. मूल त्या उघडू लागले की आपण ओरडतो, ‘हात लावू नकोस, मोडशील!’ मोडलेली वस्तू आणखी किती मोडणार? विजेची जोडणी काढा, पेट्रोल दूर ठेवा, शेजारी बसा, आणि मग त्याच्या हाती पाना द्या. काढलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडून ठेवण्याची अट मात्र घाला. कारण उघडणे ही जिज्ञासा आहे, ती कोणत्याही मुलात असते. पुन्हा जोडणे हे शिक्षण आहे, आणि ते देण्यासाठी वडीलधाऱ्या माणसाला आपला वेळ द्यावा लागतो.

शेवटचा नट बसवून झाल्यावर ताटलीत एखादा वायसर शिल्लक राहिला, तर रागावू नका. मुलाला विचारा, हा कोठला? उत्तर त्यालाच शोधू द्या.